तारखेची जागा कोरी

२८ ऑक्टोबर १९९४, शुक्रवार

भगवंतराव वकिलांना तिकीट! शेवटी मिळालं! पण कसं मिळालं ते आजच लिहून ठेवतो, उद्या जो तो आपापलं सांगेल.

अफझलगंजच्या पार्टी ऑफिसात पाच तास बैठक. पंखा एकच, तोही पुरोगाम्यांच्या डोक्यावर. ते आधी येऊन बसले होते — ठरवूनच असणार. पक्ष आमचा एवढासा, अख्ख्या शहरात जिंकण्यासारखी जागा ही एकच, आणि त्यातही दोन तट. आम्ही जुने. वकील, मास्तर, कचेरीतून रिटायर झालेले. आम्हाला मवाळ म्हणतात. दुसरी ती युनियनवाली आणि तारनाक्याची युनिव्हर्सिटीवाली तरुण मंडळी. ते स्वतःला पुरोगामी म्हणवतात, म्हणजे आम्ही आपोआपच मागे राहिलो!

भांडण सरकारी पंखे कारखान्याचं. दिल्लीनं तीन वर्षांपूर्वी दारं उघडली तेव्हापासून जे दिसेल ते विकायला काढलंय, आता पाळी याची. अकराशे कामगार, निम्मे आमच्याच मतदारसंघात राहणारे. भगवंतराव म्हणतात, विक्री काही आपण थांबवून थांबत नाही, निदान माणसांना काढू नका अशी अट घालून घेऊ. समोरचे म्हणतात, विकू द्यायचाच नाही. आणि समोरच्यांत सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? त्रिवेणीचा! माझ्या बहिणीची, गंगूची मुलगी. सोळाव्या वर्षी मुधोळकडून कॉलेजसाठी आली, आठ वर्षं आमच्या घरात वाढली. आता तारनाक्याला कॉलेजात शिकवते आणि संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर भाषणं करते. भर बैठकीत मला म्हणाली, "मामा, मवाळ म्हणजे काय हो? कुणी मारत असला तर त्याला 'हळू मार' म्हणायचं?" सगळे हसले. आमच्यातलेही हसले. कोण कोण हसलं ते लक्षात ठेवलंय.

शेवटी तडजोड. भगवंतराव उमेदवार, त्रिवेणी डमी. म्हणजे मुख्य उमेदवाराचं काही कारणानं फिसकटलं, तर निशाणी वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्याचाही अर्ज भरून ठेवायचा. सगळं सुरळीत झालं की डमीनं मुदतीच्या आत आपला अर्ज मागे घ्यायचा. नेहमीची पद्धत.

पण पुरोगामी इतक्या सहज मानले कसे? इथेच मला वास आला.

३१ ऑक्टोबर

दूधवाला विचारतो, "साब, तुमची भाची उभी राहतीय म्हणे?" याला कुणी सांगितलं? भगवंतरावांचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं!

५ नोव्हेंबर, भाऊबीज

गंगू गावाहून आली. ओवाळलं. डोळे भरून आले तिचे, दरवर्षीच येतात. निघताना म्हणाली, "दादा, पोरगी तुझ्या भरवशावर शहरात टाकली. या इलेक्शनच्या भानगडीत तिला एकटी पडू देऊ नको." मी हो म्हणालो. नाही कसं म्हणणार?

त्रिवेणी सुटकेस घेऊनच आली आहे. मतदान होईपर्यंत इथे अंबरपेठेतच राहणार. माझ्या बायकोला, सुशीलाला आनंद — पुन्हा चकल्या तळायला बसली. मला कळत नाही, ही इथे का आली? मला तिच्यावर लक्ष ठेवायला बरं पडेल हे खरं. पण तिलाही माझ्यावर ठेवायला तेवढंच बरं.

भगवंतराव फराळाला येऊन गेले. त्रिवेणीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हौ, आमची डमी नंबर वन!" ती हसली नाही. माणसानं एवढ्या मोठ्या मनानं बोलावं आणि हिनं करंजी मोडत बसावं!

या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. पंच्याहत्तर साली कोर्टातून फाइल गहाळ झाली आणि मला, फाइली सांभाळणाऱ्या पेशकाराला, सस्पेंड केलं. नातेवाईकांनी येणं बंद केलं. भगवंतराव दोन वर्षं केस लढले. फाइल दुसऱ्याच कपाटात निघाली. त्या दोन वर्षांत मी एक शिकलो — जो गोड बोलत नाही त्याच्यापासून सावध राहावं, आणि जो गोड बोलतो त्याच्यापासूनही. भगवंतराव तेवढे सोडून.

९ नोव्हेंबर, बुधवार

दोन्ही अर्ज दाखल! कागद मीच भरले. तीस वर्षं पेशकारी केली, एक खोडाखोड नाही. दोघांचाही सूचक मीच, कारण मतदारयादीत माझं नाव बिनचूक आहे — आमच्यातल्या निम्म्या जणांच्या बापाचं नाव चुकलेलं.

आता पद्धत अशी की डमी ज्या दिवशी अर्ज भरतो त्याच दिवशी माघारीच्या कागदावरही सही करून ठेवतो. सोबत सूचकाला तो कागद दाखल करायचं अधिकारपत्र. फक्त तारखेची जागा कोरी. ऐन वेळी डमी आजारी पडला, गावाला गेला, किंवा त्याच्या डोक्यात हवा गेली, तर अडायला नको. त्रिवेणीनं दोन्हीवर सही केली. मग वाद — कागद ठेवायचा कुणाकडे? आमचे म्हणाले, भगवंतरावांच्या घरी. त्यांचे म्हणाले, दत्तोबाकडे. हा दत्तोबा कारखान्यात फिटर आहे, त्रिवेणीचा उजवा हात. अर्धा तास तू तू मैं मैं. शेवटी त्रिवेणी म्हणाली, "मामांकडे ठेवा. दुसऱ्या कुणाकडे असेल तर मी सही मागे घेते."

दोन्ही बाजूंना पटलं. मी त्यांचाही, मी यांचाही. दत्तोबा मला म्हणाला, "मामासाब, तुमच्यावर पूरा भरोसा. भगवंतरावसाबचं मात्र काय की, जबान एक, काम दुसरं." मी त्याला झापलं.

कागद देवघरातल्या पोथ्यांच्या खणात ठेवलाय. छाती जरा फुगली हे कबूल करतो.

१० नोव्हेंबर

फोन आला की त्रिवेणी वायर ताणून स्वयंपाकघरात नेते आणि आवाज खाली करते. आज तीन वेळा. शब्द ऐकू आले ते एवढे — "नाही, मामांना नको", "शेवटच्या दिवशीच", "आपणच उभं राहायचं."

आपणच उभं राहायचं!

सुशीलाला सांगितलं. म्हणाली, "दाराआड उभं राहून ऐकायचं वय आहे का हे? भाची आहे तुमची, मुद्देमाल नव्हे." हिला राजकारण कळत नाही. की त्रिवेणीनं हिलाही फोडलंय?

११ नोव्हेंबर

खणात कागद आहे. दोनदा पाहिला.

१२ नोव्हेंबर, शनिवार

छाननी झाली. दोन्ही अर्ज मंजूर. भगवंतरावांना कचेरीबाहेर हार घातले. त्यांचं लक्ष नव्हतं. मी म्हणालो, पोस्टरांची दुसरी खेप कधी? म्हणाले, "दिवाळीमुळे प्रेसवाले सुस्त पडलेत." दिवाळी होऊन आठवडा झाला, पण असेल. कुणीतरी म्हणालं, ते गुरुवारी विरोधातल्या मोठ्या पार्टीच्या गेस्ट हाऊसमधून निघताना दिसले. मग काय झालं? युतीची बोलणी सगळेच करतात. मवाळ माणूस चार दारांत चहा घेतो, त्यानं काही बाटत नाही.

घरी आल्यावर त्रिवेणी म्हणाली, "मामा, सोमवारी तीनपर्यंत मुदत आहे. कागद मी येऊन सांगीन तेव्हाच द्या. अडीचच्या आत मी घरी येते. त्याआधी कुणी काहीही सांगितलं तरी ऐकायचं नाही."

"कुणी म्हणजे?"

"कुणीही."

"कारण?"

"असंच."

असंच म्हणजे काय? माघार घ्यायचीच आहे तर आज का नको? मी पेशकार होतो. शेवटच्या अर्ध्या तासात कोण येतो ते मला माहीत आहे. ज्याला काम करायचं नसतं तो येतो!

१३ नोव्हेंबर, रविवार

आज डोळ्यांनी पाहिलं.

मुद्दाम कारखान्याच्या कॉलनीकडून फिरून आलो. भिंतीवर आपली शिडीची निशाणी, एवढी मोठी, लाल रंगात. 'शिडीवर शिक्का मारा.' आणि वर उमेदवाराचं नाव? नाही! जागा सोडलेली. एका भिंतीवर नाही, अकरा भिंतींवर. रंगाऱ्याला विचारलं. म्हणाला, "बाईंनी बोलले, नाव नंतर. अब्बी नक्को."

बाईंनी बोलले! आता पोथीत सांगितल्यासारखं स्पष्ट आहे. सोमवारी तीन वाजून जाणार, बाई येणार नाहीत, कागद माझ्याकडे पडून राहणार, आणि मंगळवारी त्या कोऱ्या जागी नाव — त्रिवेणी. एका पक्षाचे दोन उमेदवार. मतं फुटणार, भगवंतराव पडणार, आणि लोक म्हणणार, मामानं कागद दाबून ठेवला. पंच्याहत्तर साली गहाळ फाइल, चौऱ्याण्णव साली गहाळ कागद!

सरळ विचारलं तिला जेवताना — "तुला निवडणूक लढवायचीय का?" ताटातून नजर वर न करता म्हणाली, "वेळ आली तर." सुशीलानं विषय बदलला. वांगी खारट झालीत म्हणाली. झाली नव्हती.

माझं दुःख वेगळंच आहे. हिला मी सायकल शिकवली. हिच्या पहिल्या भाषणाचा कागद मी तपासून दिला होता. ती मला फसवील हे मला पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी दोन

काम केलं!

त्रिवेणी सकाळी आठलाच बाहेर पडली. जाताना पुन्हा, "मामा, अडीच." साडेअकराला भगवंतरावांचा फोन. आवाज घोगरा. "नरहर, तिचे लोक तुझ्याकडून कागद काढून घ्यायला निघालेत. एकदा कागद गेला की झालं. माझं काय, मी म्हातारा माणूस. पण पक्षाचं हसं होईल बघ." मी म्हणालो, मी असेपर्यंत होणार नाही. ते म्हणाले, "मला माहीत आहे. तुझ्याशिवाय मला आहे कोण?"

साडेबाराला खिडकीतून पाहतो तर दत्तोबा! बरोबर दोन जण. गल्लीच्या तोंडाशी पत्ता शोधल्यासारखे उभे. मी खणातला कागद काढला, अधिकारपत्र काढलं, चप्पल हातात घेऊन मागच्या दारानं निघालो. बासष्टाव्या वर्षी! रिक्षा करून थेट निवडणूक कचेरी.

एक वाजून वीस मिनिटं. बाबूनं विचारलं, "उमेदवाराला माहीत आहे ना?" मी अधिकारपत्र पुढे केलं. त्यानं तारखेच्या जागेवर बोट ठेवलं. मी खिशातलं पेन काढून तारीख घातली. पोच घेतली.

पक्ष वाचला. भगवंतराव वाचले. त्रिवेणी रागावेल, दोन महिने बोलणार नाही. संक्रांतीपर्यंत येईल ताळ्यावर.

सुशीलानं विचारलं, "तिला विचारलंत?" मी म्हणालो, विचारायचं काय त्यात? तिनं माझं ताट वाढलं आणि आत गेली. जेवायचं आहे अजून.

त्याच दिवशी, संध्याकाळी

जेवण झालंच नाही.

सव्वादोनला त्रिवेणी आली. धापा टाकत, एकटी. दारातूनच — "मामा, कागद फाडून टाका. भगवंतकाका माघार घेताहेत."

मी हसलो. खरंच हसलो! म्हणालो, काहीतरी सांगू नकोस.

"त्यांच्याच ज्युनिअरनं सांगितलं. त्या मोठ्या पार्टीशी ठरलंय. जागा त्यांना सोडायची, बदल्यात काकांना महामंडळ. मी माघार घेतली की मगच ते घेणार, म्हणजे मी मध्ये येऊ नये. कागद कुठे आहे?"

मी पोच दाखवली.

तिनं वाचली. घड्याळाकडे पाहिलं. मग तशीच पळत गेली. मीही मागून रिक्षानं गेलो. बाबू म्हणाला, एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही, अम्मा. हे मला ठाऊक होतं. तीस वर्षं असलेच नियम दुसऱ्यांना सांगत आलो. तीनला दहा मिनिटं कमी असताना भगवंतराव आले. माघारीचा कागद दिला. माझ्याकडे पाहून नमस्कार केला — नमस्कार! — आणि गाडीत बसले. गाडी त्यांची नव्हती.

आता मतपत्रिकेवर शिडी नाही. अकराशे माणसांच्या बाजूनं उभा राहणारा कुणीच नाही. त्या मोठ्या पार्टीचा उमेदवार तर विक्रीच्याच बाजूचा.

रिक्षात त्रिवेणीला विचारलं, तुला संशय होता तर मला आधी का बोलली नाहीस? म्हणाली, "आठ दिवस संशय होता. म्हणूनच भिंतीवर नाव घालू दिलं नाही. खात्री आज दीडला झाली. पण मामा, तुम्हाला सांगितलं असतं तर अर्ध्या तासात त्यांना कळलं असतं."

कळलं असतं. मीच सांगितलं असतं.

दत्तोबाला तिनं फक्त माझ्यासोबत बसायला पाठवलं होतं. का, ते त्यालाही सांगितलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

उमेदवारांची यादी लागली. नऊ वाजता गल्ली भरली. पन्नासेक तरी असतील, कारखान्यातले. "त्या म्हाताऱ्याला भायेर काढा! कागद त्याच्याकडं होता!" कुणीतरी फाटकावर चप्पल मारली. मी आतल्या खोलीत. सुशीला म्हणाली, "जा. जाऊन सांगा जे झालं ते." माझे पाय पलंगावरून खाली आले नाहीत.

त्रिवेणी गेली. पडद्यातून दिसत होतं. पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "मामांचा काही संबंध नाही. कागद द्यायला मीच सांगितलं. काल सकाळी निघतानाच सांगितलं."



दत्तोबा पुढे आला. "ताई, मग मला मामासाबकडे बसायला कायकू धाडलीस?" त्यानं पुन्हा विचारलं. ती बोलली नाही. मागून कोणी ओरडलं, "कितने में बिकी?" दत्तोबानं त्याला गप्प केलं नाही. दहा वर्षं हिच्या मागं सावलीसारखा फिरलेला माणूस, जमिनीवर थुंकला आणि वळला. त्याच्या मागोमाग सगळे गेले.

मी आतच होतो. लिहायलाच हवं म्हणून लिहितो — मला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. सुटलो असं वाटलं.

अकराला ती सुटकेस घेऊन तारनाक्याला गेली. सुशीलाच्या पाया पडली. मला म्हणाली, "आईला एवढ्यात कळवू नका."

१६ नोव्हेंबर

भगवंतरावांचा फोन. "नरहर, रागावलास? अरे, कारखाना जाणारच होता. आता निदान माझ्या शब्दाला तिथे वजन राहील, शंभर-दोनशे माणसांची सोय लावता येईल. तुला आधी सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुझ्यासारख्या सरळ माणसाला या भानगडीत कशाला ओढू?"

मी शिव्या द्यायला हव्या होत्या. मी म्हणालो, तब्येत सांभाळा. तोंडातून तेच निघालं!

१८ नोव्हेंबर

रविवारी कमिटी आहे. त्रिवेणीवर कारवाई करणार म्हणे. भगवंतरावांनी 'प्रकृतीमुळे' माघार घेतली, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण डमी जागेवर असती तर निशाणी राहिली असती, तेव्हा दोष डमीचा! आमचे मवाळ हेच म्हणताहेत, आणि आश्चर्य म्हणजे पुरोगामीही. पहिल्यांदाच दोन्ही तट एका मताचे झालेत.

मी उभा राहून सगळं सांगणार. एक वाजून वीस मिनिटं, पेन माझं, तारीख माझ्या हातची. भगवंतरावांचा फोनही सांगणार. सुशीलानं रात्री विचारलं, "सांगणार ना?" म्हणालो, सांगणार. आज सकाळी पुन्हा विचारलं. सांगणार म्हणालो ना!

काय बोलायचं ते लिहून काढलंय. दीड पान झालं.

२० नोव्हेंबर, रविवार

अफझलगंजला कमिटी बसली. भगवंतराव आले नाहीत, त्यांना आराम पडो असा ठराव आधी झाला. त्रिवेणी समोरच बसली होती. तिला काही म्हणायचंय का, विचारलं. नाही म्हणाली. आणखी कुणाला काही बोलायचंय का, विचारलं. कागद माझ्या खिशात होता. कुणी बोललं नाही. मग तिला पक्षातून काढायचं ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा म्हणाले.

मी केला.